बुजवलेलं भोक: दुधाळ ऑइल झालेल्या एका गाडीचं निदान

गाडी म्हणजे २०० सीसीची, एका सिलिंडरची मोटारसायकल, लिक्विड कूल्ड, म्हणजे इंजिन गार ठेवायला आत कूलंट नावाचा द्रव फिरतो. मालक औषध कंपनीचे एमआर. सोलापूरहून बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर अशी रोजची फिरती, दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर सहज. महिना मे. तक्रार त्यांच्याच शब्दांत सांगतो: "मिस्त्री, क्लच स्लिप होतोय. रेस दिली की इंजिन ओरडतं, गाडी मात्र पुढं सरकत नाही." गळतीचा विषय त्यांनी काढलाच नाही. मी खाली वाकून इंजिन बघायला लागलो तेव्हा म्हणाले, "आधी गळत होती, पण ते काम करून घेतलंय. आता एक थेंब पडत नाही."

क्लच केबल आणि लिव्हरचा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, बरोबर होता. मग ऑइलच्या काचेत बघितलं. पातळी वरच्या खुणेच्याही वर, आणि रंग फिक्कट तपकिरी, दुधाळ. "ऑइल टाकलं होतं का मधे?" तर नाही, म्हणाले. गाडी ऑइल खाते, त्यामुळे पातळी खाली जाऊ शकते, आपोआप वर येत नाही. न टाकता पातळी वर चढली असेल तर आत दुसरं काहीतरी शिरलंय. लिक्विड कूल्ड गाडीत ते दुसरं काहीतरी बहुतेक वेळा कूलंटच असतं.

"कूलंट कमी होतंय का?" या प्रश्नावर ते लगेच हो म्हणाले. बाटलीतली पातळी दर आठवड्याला खाली जायची आणि ते पाणी टाकायचे. उन्हाळ्यात वाफ होऊन जात असेल असा त्यांचा समज. पण ही सिस्टिम बंद असते. रेडिएटरच्या कॅपवर १.१ असं लिहिलेलं असतं, म्हणजे आत १.१ बारपर्यंत दाब धरून ठेवला जातो. एरवी १०० अंशांना उकळणारं साधं पाणीसुद्धा त्या दाबाखाली १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि कूलंट मिसळलेलं तर त्याच्याही वर. त्यामुळे दर आठवड्याला बाटली भरावी लागत असेल तर ते पाणी नक्की कुठंतरी जातंय. गाडीखाली पडत नसेल तर आणखी वाईट, कारण मग ते इंजिनाच्या आत जातंय.

आधी काय काय झालं होतं

ही माहिती काढायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला, पण निम्मं निदान तिथंच झालं. सहाएक महिन्यांपूर्वी घरी, सकाळी गाडी काढताना उजव्या बाजूला खाली डाग दिसायला लागला होता. दिवसभर काही नाही, रात्रभर उभी राहिली की सकाळी डाग. त्यांनी तेव्हा फोटो काढून ठेवला होता आणि तो त्यांच्या मोबाईलमध्ये होताच. राखाडी शहाबादी फरशी, तिच्यावर पैशाएवढा ओला डाग, आणि शेजारी आदल्या दिवशीचा वाळलेला. फोटो मोठा करून बघितला. वाळलेल्या डागाच्या कडेला पांढरट रेघ होती. ऑइल असं वाळत नाही. ते फरशीत मुरतं, काळपट होतं आणि आठवडाभर तसंच चिकट राहतं. पांढरी कड सोडून जातं ते कूलंट किंवा क्षाराचं पाणी.

पहिल्या गॅरेजने ही "ऑइल गळती" धरली. का धरली ते समजण्यासारखं आहे. उजव्या बाजूला क्लच कव्हरचा खालचा काठ ओला होता, त्यावर धूळ बसून काळा चिखल झाला होता. कुठलाही द्रव धुळीत मिसळला की काळाच दिसतो. त्यांनी क्लच कव्हरचं पॅकिंग बदललं. पॅकिंग नवं आलं, गळती जुनीच राहिली.

गळणारा द्रव कोणता, हे ठरवल्याशिवाय पान्हा हातात घेऊ नये असं मी पोरांना सांगतो. बोटाने, नाकाने आणि पांढऱ्या कागदावर हे बहुतेक वेळा पाच मिनिटांत कळतं. इंजिन ऑइल बोटांत चिकट लागतं, जुनं असेल तर जळका वास येतो, आणि कागदावर ते पारदर्शक तेलकट वर्तुळ होऊन पसरत राहतं. कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं पण पाण्याने लगेच धुऊन जातं, वास गोडसर. रंगावर विसंबू नये. हिरवं, निळं, लाल, गुलाबी असं कसलंही कूलंट मिळतं, आणि पाणी घालून घालून फिकं झालेलं कूलंट तर जवळपास पाण्यासारखंच दिसतं. फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकअपचं, ऑइल पातळ असतं आणि त्याचा वास इंजिन ऑइलपेक्षा वेगळा, उग्र असतो. ते पुढच्या चाकापाशीच सापडतं आणि खाली ओघळून डिस्कवर जायची भीती असते. ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, हेही पाण्यात विरघळतं, त्यामुळे कूलंटशी गल्लत होऊ शकते. पण ते मास्टर सिलिंडर, होज किंवा कॅलिपरच्या आसपासच असतं आणि रंगावर पडलं तर रंग उकलतो. ब्रेक ऑइलचा संशय आला तर गाडी तिथंच उभी करायची, चालवत गॅरेजला आणायची नाही. पेट्रोल वासावरून कळतं आणि डाग न ठेवता उडून जातं. चेनवर मारलेला ल्युब पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमधून काळा होऊन गळतो आणि लोक ते गिअरबॉक्सचं ऑइल समजतात. गळती म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्यांत तेवढंच निघतं, कव्हर काढून पुसलं की झालं.

आपल्या गाडीच्या बाबतीत हे कुणी केलं नाही. मालक दुसऱ्या ठिकाणी गेले. तिथल्या माणसाची नजर चांगली होती हे मान्य केलं पाहिजे. त्याने बरोबर जागा शोधली. कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाखाली एक बारीक भोक आहे आणि थेंब तिथून येतोय, हे त्याने दाखवलंसुद्धा. आणि मग त्याने ते भोक एमसील लावून बुजवून टाकलं. गळती थांबली. मालक खूश झाले. गाडीचं खरं नुकसान त्या दिवसापासून सुरू झालं.

ते भोक कशासाठी असतं

वॉटर पंपाचा शाफ्ट एका बाजूने इंजिनात असतो, तिथून त्याला गिअर फिरवतो, आणि दुसऱ्या बाजूने कूलंटमध्ये, तिथं त्यावर इम्पेलर, म्हणजे कूलंट ढकलणारा पंखा, बसतो. म्हणजे एकाच शाफ्टच्या एका टोकाला ऑइल आणि दुसऱ्या टोकाला कूलंट. मधे दोन सील असतात. कूलंटच्या बाजूला मेकॅनिकल सील: कार्बनची गुळगुळीत रिंग सिरॅमिकच्या तितक्याच गुळगुळीत तोंडावर स्प्रिंगने दाबलेली. इंजिनाच्या बाजूला साधं रबरी ऑइल सील, ज्याची ओठासारखी कड शाफ्टला धरून असते आणि तिचं तोंड ऑइलकडे असतं. या दोन सीलच्या मधे मुद्दाम रिकामी जागा ठेवलेली असते आणि त्या जागेतून खाली बाहेर एक भोक काढलेलं असतं. त्याला वीप होल म्हणतात. दोन भिंतींच्या मधे काढलेली ही मोरी आहे. कुठलीही एक भिंत झिरपली तरी पाणी पलीकडच्या घरात जाऊ नये, बाहेर पडावं, एवढंच तिचं काम.

आणि ही मोरी बोलतेही. तिथून कूलंट आलं तर मेकॅनिकल सील गेलं. ऑइल आलं तर ऑइल सील गेलं. दोन्ही मिसळून आलं तर दोन्ही गेले, शाफ्टही बघा. इतकं स्पष्ट उत्तर गाडीत फार थोड्या ठिकाणी फुकट मिळतं.

भोक बुजवल्यावर मधली जागा कूलंटने भरते. गाडी गरम झाली की त्या कूलंटवर जवळपास एक बारचा दाब येतो. समोर उरतं ते रबरी ऑइल सील, आणि त्याची कड उलट्या दिशेला तोंड करून आहे. मागून दाब आला की ती कड शाफ्टवरून उचलली जाते. कूलंट सरळ इंजिनात. आपल्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स या तिघांचं ऑइल एकच असतं. म्हणून एका सीलमधून शिरलेलं कूलंट बेअरिंगपासून क्लच प्लेटपर्यंत सगळीकडे पोचतं.

सकाळीच डाग का दिसायचा, त्याचंही उत्तर इथंच आहे. इंजिन गार पडलं की सगळे भाग आकसतात आणि झिजलेल्या सीलला फट मिळते. गरम इंजिनवर आलेला थेंब तर खाली पडायच्या आधीच वाळून जातो.

संशय आणि पुरावा

इथपर्यंत सगळं जुळत होतं, तरी दुधाळ ऑइलची आणखी दोन कारणं आधी बाजूला काढायची होती.

पहिलं म्हणजे दमट हवेचं पाणी. पावसाळ्यात घर ते दुकान एवढीच गाडी चालली, इंजिन पुरतं तापलंच नाही, तर आतली वाफ थिजते आणि ऑइलच्या झाकणाखाली पिवळट फेस जमतो. दर पावसाळ्यात अशा फेसाला घाबरून लोक येतात. त्यात बिघाड काही नसतो. लांब चक्कर मारून ऑइल बदललं की संपलं. पण ही गाडी सोलापूरच्या मे महिन्यात रोज शंभरावर किलोमीटर पळत होती, आणि फेस फक्त झाकणाला नव्हता, खालपर्यंत सगळं ऑइल तसंच होतं.

गाडी रात्रभर सरळ स्टँडवर ठेवली. सकाळी न हलवता ड्रेन बोल्ट अगदी हळू ढिला केला, पूर्ण न काढता. आधी ऑइल आलं नाही. फिकट हिरवट पाण्याची बारीक धार आली, पाव ग्लासभर, आणि मग तिच्या मागून दुधाळ ऑइल. कूलंट ऑइलपेक्षा जड असल्यामुळे जे मिसळलेलं नसतं ते रात्रभरात चेंबरच्या तळाशी बसतं. घाईने बोल्ट काढला असता तर दोन्ही एकदम आलं असतं आणि हे दिसलं नसतं. मिसळलेल्या ऑइलचीही खात्री केली: जुनी लोखंडी पळी तापवून त्यावर एक थेंब टाकला, तो तडतडला. शेजारी नव्या ऑइलचा थेंब टाकला, तो गुपचूप पसरला. हे करताना चष्मा लावावा आणि पेट्रोलचं काम लांब ठेवावं.

दुसरं कारण हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरच्या हेडच्या मधलं पॅकिंग. कूलंट ऑइलमध्ये दिसलं की पुष्कळ जण थेट हेड उतरवतात. खर्च मोठा, आणि दोष तिथं नसेल तर सगळा वाया. इथं हेड गॅस्केटच्या विरोधात बऱ्याच गोष्टी होत्या. प्लग नेहमीसारखा तपकिरी होता. सिलिंडरमध्ये कूलंट जळत असेल तर तो धुतल्यासारखा स्वच्छ निघतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता. गार इंजिनवर रेडिएटरची कॅप काढली, ऑइल पुरेसं आहे याची खात्री करून थोडा वेळ सुरू केलं, तर कूलंटमध्ये बुडबुडे आले नाहीत. रेडिएटरवर धरून निळ्या रसायनाची गॅस तपासणीही केली. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर ते रसायन पिवळं पडतं. ते निळंच राहिलं. आणि कूलंटमध्ये ऑइलचा तवंग नव्हता. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. पंप बसतो त्या क्लच कव्हरच्या कोपऱ्यात ऑइल फक्त उडत असतं, त्याला दाब नसतो. दाब कूलंटच्या बाजूला असतो. म्हणून पंपाच्या सीलची गळती एकतर्फी होते. ऑइल खराब, कूलंट स्वच्छ.

पण एवढ्यानेही सगळं पुराव्यावर आलं नव्हतं. म्हणून शेवटची तपासणी अशी लावली. ऑइल सगळं काढून घेतलं, ड्रेन बोल्ट उघडाच ठेवला आणि खाली पांढरा ट्रे. रेडिएटर भरून कॅपच्या जागी प्रेशर टेस्टर बसवला आणि हाताने पंप मारून १.१ बार दाब दिला. इंजिन बंद, गार. काटा हळूहळू खाली यायला लागला. बाहेर कुठं ओल नाही. थोड्या वेळाने ड्रेन बोल्टच्या भोकातून ऑइलचा नव्हे, कूलंटचा थेंब ट्रेमध्ये पडला. मग दुसरा.

मालक शेजारी उभे होते. त्यांच्यासमोर वीप होलवरचं एमसील टोकदार सुईने उकरून काढलं. शेवटचा तुकडा निघाला तसं आत कोंडलेलं कूलंट एकदम बाहेर आलं आणि पाठोपाठ थेंब सुरू झाले. पुन्हा १.१ वर दाब आणला. आता थेंब वीप होलमधून पडत होते आणि ड्रेन बोल्टच्या भोकातून पडायचे थांबले. हेडला हात न लावता, इंजिनाचं एकही कव्हर न खोलता, दोष कुठं आहे ते ट्रेमध्ये दिसत होतं. "म्हणजे गळती थांबली नव्हती, आत वळवली होती," ते स्वतःच म्हणाले.

सील का गेलं

नवं सील टाकून गाडी देता आली असती, पण पाच वर्षांच्या गाडीत सील एवढ्यात का जावं हे बघायचं होतं. पंप उघडला. इम्पेलरच्या पात्यांवर आणि पंपाच्या घराच्या भिंतीवर पांढरा, खरखरीत थर. नखाने निघत नव्हता. शाफ्टवर ऑइल सील बसतं त्या जागी बारीक चर पडली होती, नख फिरवलं की अडकायचं. कार्बन रिंगची कड एका जागी टवका उडालेली आणि तिच्या तोंडावर गोल ओरखडे.

हा थर पाण्याचा. आमच्या भागातलं बोअरचं पाणी किती जड असतं ते इथल्या प्रत्येक घरातला गिझर सांगेल. मालक दर आठवड्याला जे पाणी टाकत होते ते ज्या ढाब्यावर जेवायला थांबत तिथल्या टाकीतलं, आणि तेही गळती सुरू व्हायच्या आधीपासून, कारण मागच्या उन्हाळ्यातही पातळी थोडी कमी वाटली होती. अशा पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार गरम भागावर थर धरतात. थराचे बारीक कण कूलंटबरोबर फिरतात आणि सीलच्या दोन गुळगुळीत तोंडांमध्ये अडकून पॉलिश पेपरचं काम करतात. शिवाय पाणी वाढत गेलं तसं कूलंटमधलं गंजरोधक पातळ होत गेलं, आणि ते नसलं की अॅल्युमिनियम खात सुटतं. पंपाच्या घरात एका जागी तसे बारीक खड्डे पडायला लागलेही होते, पण सीलच्या बैठकीला धक्का नव्हता, म्हणून कव्हर वाचलं.

काम

शाफ्ट, इम्पेलर, दोन्ही सील आणि वॉशर असा पूर्ण संच बदलला. चर पडलेल्या शाफ्टवर नवं सील बसवलं तर ते काही महिन्यांत पुन्हा झिरपतं, त्यामुळे "फक्त सील टाका" हे मालकांचं म्हणणं मी ऐकलं नाही. मेकॅनिकल सील बाहेरच्या धातूच्या कडेवर बरोबर मापाचा सॉकेट धरून दाबून बसवलं. कार्बनच्या तोंडाला हातोडी तर सोडाच, बोटही लागू देऊ नये. ऑइल सीलच्या कडेला ऑइल, मेकॅनिकल सीलला कूलंट, उलट नाही. वीप होलमध्ये तार घालून आरपार मोकळं आहे हे बघितलं, कारण एमसीलचा एक कण आत उरला असता तरी पुन्हा तेच.

क्लच उघडला तर फ्रिक्शन प्लेटचं अस्तर मऊ पडलेलं, नखाने सुटत होतं. स्लिप होण्याचं कारण तेच. फ्रिक्शन प्लेट सगळ्या बदलल्या, नव्या आधी ऑइलमध्ये भिजवून. स्टील प्लेट काचेवर ठेवून बघितल्या, वाकलेल्या किंवा निळ्या पडलेल्या नव्हत्या, त्या धुऊन परत घातल्या. ऑइलची जाळी चिकट गाळाने निम्मी बंद होती. ती साफ केली, फिल्टर बदलला, साधं ऑइल भरून इंजिन काही मिनिटं आयडलवर चालवलं आणि गरम असतानाच काढलं. ते ऑइल स्वच्छ निघेपर्यंत हे परत केलं. यासाठी डिझेल वापरणारे आहेत. मी वापरत नाही, कारण आधीच कूलंट लागलेल्या बेअरिंगला पातळ डिझेलवर फिरवणं मला पटत नाही.

कूलिंगची बाजू डिस्टिल्ड वॉटरने धुतली आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, हवा काढली. जुनं कूलंट कॅनमध्ये बंद करून ठेवलं. हे लिहायलाच हवं: ते उघड्या ट्रेमध्ये अंगणात ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री चाटतात आणि मरतात. लहान मुलांनाही तोच धोका.

शेवटी इंजिनाची उजवी बाजू धुऊन, हवेने वाळवून तिच्यावर टॅल्कम पावडर मारली आणि गाडी फिरवून आणली. पावडरवर ओली रेघ उमटली तर गळतीची जागा कळते, आणि बघायची ती नेहमी सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओल. बाकीची वाऱ्याने मागं नेलेली असते. पावडर कोरडी राहिली. प्रेशर टेस्टरचा काटाही जागचा हलला नाही.

मालकांना एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली. कूलंट मिसळलेल्या ऑइलवर इंजिन किती चाललं हे नक्की माहीत नाही आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला त्याचा त्रास झाला असेल तर तो आज ऐकू येणार नाही. म्हणून ५०० किलोमीटरला पुन्हा ऑइल बदलायचं, आणि मधे खालून ठोकल्यासारखा आवाज आला तर गाडी बंद करायची. बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारून दिली आणि डिक्कीत ठेवायला तयार कूलंटची छोटी बाटली दिली. वीप होलमधून पहिल्या काही दिवसांत एखाद-दुसरा थेंब आला तर घाबरू नका, नवं सील बसायला तेवढं लागतं. रोज यायला लागला तर मात्र या, असंही सांगितलं.

५०० किलोमीटरला ते आले तेव्हा काढलेलं ऑइल स्वच्छ होतं, पळीवर तडतडलं नाही. जुना फिल्टर कापून कागद उलगडला. सुरुवातीचा थोडा क्लचचा कचरा होता, धातूची चमक नव्हती. कूलंट मार्करच्या रेघेवर होतं. क्लच पकडतोय. पुढच्या ऑइल बदलालाही फिल्टर कापूनच बघायचा असं जॉब कार्डवर लिहून ठेवलंय.